शितावरून भाताची परीक्षा, नावावरून नव्हे

आपल्या मेसच्या फळ्यावर बुधवारी 'पनीर मटर' असं लिहिलेलं असतं. पातेल्यात काय असतं ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून आपण काय करतो? फळ्यावर विश्वास ठेवत नाही. आधी पातेल्यात डोकावतो, डाव फिरवून पनीर खरोखर आहे का ते बघतो, आणि मगच वाटी पुढे करतो. जेवणाच्या बाबतीत एवढे चोखंदळ असलेले आपण कॉम्प्युटरसमोर बसलो की मात्र एकदम भाबडे होतो. कुणीतरी पेन ड्राइव्ह देतं, त्यात 'युनिट ३ नोट्स पीडीएफ' असं काहीतरी दिसतं, आणि आपण डबलक्लिक करून मोकळे! फळ्यावर लिहिलंय ना, मग पनीरच असणार!

मित्रमैत्रिणींनो आणि आदरणीय सर-मॅडम, माझं म्हणणं अगदी साधं आहे. फाईलचं नाव म्हणजे ती पाठवणाऱ्याने केलेला दावा. दावा ऐकून घ्यावा, पण त्यावर निकाल देऊ नये. फाईल खरोखर कसली आहे हे तिच्या आतल्या पहिल्या काही बाइट्सना विचारावं, तेही तिला न उघडता. आणि त्यांचं उत्तर आल्यावरही डोळे मिटून पुढे जाऊ नये.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी आम्हाला तिसरी भाषा, त्यामुळे बऱ्याचशा म्हणी मला शाळेत नाही तर आजीच्या स्वयंपाकघरात कळल्या. 'शितावरून भाताची परीक्षा' ही त्यातलीच एक. फाईल ओळखण्याचं शास्त्र याहून कमी शब्दांत मी तरी कुठल्या टेक्स्टबुकात वाचलेलं नाही.

हे शेपूट आलं कुठून?

नावाच्या शेवटी टिंब देऊन दोन-चार अक्षरं लावायची, याला आपण एक्स्टेन्शन म्हणतो. या लेखापुरतं मी त्याला शेपूटच म्हणते. ही पद्धत विंडोजपेक्षा जुनी आहे. सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी बनवलेल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाईलच्या नावाला आठ अक्षरं आणि प्रकाराला तीन अक्षरं एवढीच जागा होती. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने तीच रीत उचलली आणि तिथून ती विंडोजमध्ये आली. म्हणजे हे शेपूट माणसाच्या सोयीसाठी लावलेली चिठ्ठी आहे. आतल्या मजकुराशी त्याचा काडीचाही बांधलेला संबंध नाही. एफ-टू दाबा, चिठ्ठी बदला, आतला एक बाइटसुद्धा हलणार नाही. साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिलं म्हणून चहा खारट होत नाही!

पुढे विंडोज ९५ ने आणखी एक गंमत केली. ओळखीच्या प्रकारांची शेपटं लपवायला सुरुवात केली. नवशिक्यांना गोंधळायला नको हा हेतू चांगलाच होता. पण विंडोज ११ पर्यंत ती सवय तशीच राहिली. म्हणजे एकीकडे मशीन कुठला प्रोग्रॅम चालवायचा हे शेपटावरून ठरवणार, आणि दुसरीकडे तेच शेपूट आपल्याला दाखवणार नाही. चोराला चावी देऊन मालकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यातला प्रकार!

याची किंमत जगाने ४ मे २००० रोजी मोजली. फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या ईमेलसोबत एक फाईल होती. तिचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू', त्यापुढे टिंब टीएक्सटी, आणि त्याही पुढे टिंब व्हीबीएस. शेवटचं शेपूट विंडोजने लपवलं. लोकांना दिसलं ते साधंसुधं टेक्स्ट, म्हणजे प्रेमपत्र. प्रत्यक्षात ती व्हिज्युअल बेसिकमधली स्क्रिप्ट होती. उघडली की ती ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायची आणि मशीनवरच्या जेपीजी फोटोंच्या जागी स्वतःलाच लिहून ठेवायची. जगभर लाखो मशिन्सना लागण झाली. ब्रिटनच्या पार्लमेंटला आणि अमेरिकेच्या पेंटॅगॉनला आपापल्या ईमेल सिस्टिम्स बंद ठेवाव्या लागल्या. आणि फिलिपिन्समध्ये तेव्हा असा गुन्हा बसेल असा कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. कायदा झाला तो पुढच्या महिन्यात.

बरं, एवढं झाल्यावर लोक शहाणे झाले का? फेब्रुवारी २००१ मध्ये हॉलंडमधल्या एका मुलाने तोच डाव टाकला. या वेळी प्रेमपत्राऐवजी टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाचा फोटो. नाव जेपीजीने संपल्यासारखं दिसायचं, खरं शेपूट पुन्हा व्हीबीएस. त्या मुलाने प्रोग्रॅमसुद्धा स्वतः लिहिला नव्हता, तयार टूलकिटमधून बनवला होता. त्याचं वय वीस. म्हणजे माझ्याएवढाच! नऊ महिने आधीचीच युक्ती चालली, कारण लोक अजूनही फळा वाचूनच ताट भरत होते.

कुणी म्हणेल, "मग शेपूट दिसेल असं सेटिंग केलं की झालं." जरूर करा, पण त्याने सगळं भागत नाही. एक तर प्रोग्रॅमला हवं ते चित्र आयकॉन म्हणून लावता येतं. फोल्डरचं चित्र लावलेल्या ईएक्सई फायली आपल्या पेन ड्राइव्ह संस्कृतीत काही नव्या नाहीत. दुसरं म्हणजे शॉर्टकटचं शेपूट, एलएनके, हे सेटिंग बदललं तरी विंडोज दाखवत नाही. तिसरा प्रकार तर भन्नाटच आहे. उर्दू, अरबी, हिब्रू या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी युनिकोडमध्ये दिशा उलटवणारं एक अदृश्य चिन्ह आहे. ते नावाच्या मध्ये टाकलं की पुढची अक्षरं पडद्यावर उलटी दिसतात. कॅस्परस्की या कंपनीने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की टेलिग्रामच्या विंडोज ॲपमध्ये हीच युक्ती वापरली जात होती. प्रत्यक्षात जेएसवर संपणारं नाव पीएनजीवर संपल्यासारखं दिसायचं. म्हणजे शेपूट दिसत होतं, आणि तेही खोटं!

शेपटावर विसंबण्याचा दुसरा बळी

आतापर्यंतची गोष्ट व्हायरसची झाली. पण शेपटावर आंधळा विश्वास ठेवल्याने सरळमार्गी माणसाचंही नुकसान होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून सांगते.

माझ्या रूममेटने एका शिष्यवृत्तीसाठी एका पोर्टलवर अर्ज भरला. फोटो मैत्रिणीच्या आयफोनवर काढलेला. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. पोर्टलला हवा होता जेपीजी. सायबर कॅफेतल्या दादाने काय केलं, तर फाईलचं शेपूट पुसून तिथे जेपीजी लिहिलं. पोर्टलने शेपूट बघितलं, हिरवी खूण दाखवली, पावती दिली. दोन महिन्यांनी छाननीत फोटो उघडेना. 'अर्ज अपूर्ण' असा शेरा पडला, तोपर्यंत मुदत संपलेली. तिच्या वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून त्या वर्षाची फी भरली.

आणखी गंमत ऐका. त्याच पोर्टलने आमच्याच विंगमधल्या दुसऱ्या मुलीचा अस्सल, निर्दोष फोटो नाकारला होता. कारण? तिच्या फाईलचं शेपूट जेपीजी नव्हतं, 'जेपीईजी' होतं! एकच प्रकार, दोन स्पेलिंग. खोटं आत गेलं, खरं बाहेर राहिलं. तिला निदान लगेच कळलं आणि तिने नाव बदललं. रूममेटला दोन महिने कळलंच नाही.

अस्सल जेपीईजी फाईलचे पहिले तीन बाइट्स ठरलेले असतात: एफएफ, डी८, एफएफ. एचईआयसी फाईलमध्ये पहिले चार बाइट्स सोडले की 'एफटीवायपी' ही चार अक्षरं आणि त्यापुढे सहसा 'एचईआयसी' असं चक्क लिहिलेलं असतं. म्हणजे पोर्टलने आत नुसतं डोकावलं असतं तरी तिथल्या तिथे 'फोटो जेपीईजी नाही, पुन्हा टाका' असा संदेश देता आला असता. कोडच्या दृष्टीने हे दोन-तीन ओळींचं काम. त्या दोन-तीन ओळी कुणीतरी लिहिल्या नाहीत, आणि त्याचं व्याज एक माणूस पतपेढीत भरतोय. उद्या असली पोर्टल्स आपणच लिहिणार आहोत, म्हणून हा विषय मला नुसता लॅबचा वाटत नाही.

शीत म्हणजे नक्की काय?

या सुरुवातीच्या ठरलेल्या बाइट्सना मॅजिक नंबर म्हणतात. नाव जादूचं, काम हिशेबाचं. ही कल्पना पीडीपी-११ या मशीनवरच्या युनिक्समधून आली. तिथे चालवायच्या प्रोग्रॅमच्या फाईलचा पहिला आकडा ऑक्टलमध्ये ४०७ असायचा. तो का? तर त्या मशीनच्या भाषेत ४०७ ही एक उडी मारायची सूचना होती. प्रोग्रॅम मेमरीत चढला की पहिलीच सूचना त्याला १६ बाइट्सच्या हेडरवरून उडवून थेट कामाच्या जागी न्यायची. पुढे सूचना म्हणून तिची गरज उरली नाही, पण ओळख म्हणून आकडा राहिला.

असल्या खुणा वाचून फाईलचा प्रकार सांगणारी 'फाईल' याच नावाची कमांड युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. लिनक्सवर आज आपण जी वापरतो ती इयन डार्विन यांनी ऐंशीच्या दशकात नव्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमची वंशज. म्हणजे विचार करा, आपले आई-वडील शाळेत जायच्या वयाचे होते तेव्हापासून हे अवजार तयार आहे, आणि आपण अजून शेपूट बघतोय!

काही शितं ओळखीची करून घेण्यासारखी आहेत. झिप फाईलची सुरुवात 'पीके' या अक्षरांनी होते. ही फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं, त्यांनी १९८९ मध्ये हा प्रकार आणला. विंडोजच्या ईएक्सई फाईलची सुरुवात 'एमझेड' ने, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर मार्क झ्बिकोव्हस्की. डॉसच्या काळातल्या या माणसाची सही आजही प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर आहे. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी होते. तेव्हा 'नोट्स' नावाच्या पीडीएफच्या तोंडाशी 'एमझेड' दिसलं, तर पुढे काही सांगायला हवं का?

माझं सगळ्यात आवडतं शीत पीएनजीचं. १९९६ च्या त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये पहिले आठ बाइट्स ठरवून दिले आहेत: ८९, ५०, ४ई, ४७, ०डी, ०ए, १ए, ०ए. यातला एकही उगाच नाही. पहिला बाइट सात बिटांत मावत नाही, त्यामुळे वाटेत कुणी आठवा बिट कापला तर लगेच उघडकीस येतं. मधले तीन म्हणजे 'पीएनजी' ही अक्षरं. त्यापुढचे दोन डॉसच्या पद्धतीचा ओळीचा शेवट. फाईल चुकून टेक्स्ट समजून पाठवली गेली आणि ओळींचे शेवट बदलले, तर इथेच गडबड दिसते. १ए हा डॉसमध्ये 'फाईल संपली'चा इशारा, म्हणजे कुणी ती डॉसमध्ये टाइप कमांडने छापायला गेलं तर पडदाभर कचरा येत नाही. शेवटचा बाइट उलट दिशेचा ओळीबदल पकडतो. आठ बाइट्सची ओळख, आणि प्रवासात मार बसला का याचा दाखलाही! याला म्हणतात इंजिनिअरिंग.

न उघडता कसं बघायचं?

लिनक्स मशीनवर टर्मिनलमध्ये 'फाईल' ही कमांड आणि पुढे फाईलचं नाव टाइप करा. एका ओळीत उत्तर येतं. विंडोजवर तुम्ही गिट इन्स्टॉल केलं असेल तर त्याच्या बॅश खिडकीत हीच कमांड मिळते. नुसते बाइट्स बघायचे असतील तर लिनक्सवर 'एक्सएक्सडी' आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'फॉरमॅट-हेक्स' आहे. यातलं काहीही फाईल चालवत नाही, फक्त वाचतं. सुरक्षितपणाचं सगळं मर्म या फरकात आहे: वाचणं वेगळं, चालवणं वेगळं. डबलक्लिक म्हणजे 'हे काय आहे?' असा प्रश्न नाही, 'तू म्हणशील ते कर' अशी परवानगी आहे.

अनोळखी पेन ड्राइव्ह असेल तर मी म्हणेन की तो विंडोजवर लावूच नका, आधी लॅबच्या लिनक्स मशीनवर बघा. "मी नुसतं फोल्डर उघडून बघतो, क्लिक करत नाही" हेही पुरेसं नसतं. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटने शॉर्टकटचा आयकॉन दाखवण्याच्या विंडोजच्या कोडमधला दोष वापरला होता. फोल्डर नुसतं डोळ्यांनी बघितलं तरी काम तमाम! तो दोष मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केला, पण धडा राहतोच. आयकॉन, थंबनेल, प्रिव्ह्यू दाखवण्यासाठीही कुठला तरी प्रोग्रॅम ती फाईल आतून वाचून अर्थ लावत असतो.

पण शीतही फसवतं

आता दुसरी बाजू, नाहीतर लेख एकांगी होईल. वरचं शीत शिजलंय म्हणून तळाचा भात शिजलाच असेल असं नाही.

पहिली अडचण, काही फायलींना शीतच नसतं. साधं टेक्स्ट, सीएसव्ही, सी किंवा पायथनचा प्रोग्रॅम, यांच्या सुरुवातीला ठरलेली खूण नसते. तिथे अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकतो. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' एवढंच इंग्रजीत लिहून सेव्ह करून पुन्हा उघडलं की चिनी अक्षरं किंवा चौकोन दिसायचे. लोकांनी त्यात राजकारण शोधलं. खरं कारण एवढंच की बाइट्स बघून नोटपॅडला ते युनिकोड वाटायचं.

मराठीचं दुखणं तर इथे आणखी खोल आहे. युनिकोड मराठी यूटीएफ-८ मध्ये साठवली की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं, आणि त्याची सुरुवात 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' अशी असते. त्यामुळे ती ओळखता येते. पण जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी आतून रोमन अक्षरांचेच आकडे वापरते. मशीनला ती इंग्रजी वाटते आणि फॉन्ट नसेल तर आपल्याला ती अगम्य वाटते. मराठी विभागाच्या जुन्या अंकांच्या फायली उघडून बघा. नाव बरोबर, शेपूट बरोबर, शीतसुद्धा बरोबर, आणि तरी आतली कविता कुणालाच वाचता येत नाही! 'कसली फाईल' हे कळलं तरी 'कसली अक्षरं' हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण, एकाच शिताची अनेक भांडी. डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, जार, एपीके या सगळ्या मुळात झिप फायली. सगळ्यांच्या तोंडाशी 'पीके'. मग आतल्या फायलींची यादी बघावी लागते.

तिसरी अडचण, मुद्दाम केलेलं सोंग. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. त्यामुळे पुढून जीआयएफ चित्र आणि मागून जार प्रोग्रॅम अशी एकच फाईल बनवता येते. २००८ मध्ये संशोधकांनी असं करून दाखवलं आणि त्याला 'जीआयएफएआर' असं नाव पडलं. पुढून विचारलं तर चित्र, मागून विचारलं तर प्रोग्रॅम, आणि दोन्ही उत्तरं खरी!

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती माझ्याच मुद्द्यावर उलटते. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये 'इमेजट्रॅजिक' नावाने गाजलेला दोष उघड झाला. हे सॉफ्टवेअर शेपटाला भीक न घालता आतला मजकूर बघून प्रकार ओळखायचं. झकास! पण हल्लेखोर जेपीजी नावाच्या फाईलमध्ये चित्र काढण्याच्या आज्ञांचा मजकूर भरायचे आणि त्यात सर्व्हरवर चालवायची कमांड लपवायचे. सॉफ्टवेअर 'अरे, हे तर आज्ञांचं चित्र!' असं बरोबर ओळखायचं आणि आज्ञा पाळायचं. ओळख अचूक, परिणाम भयंकर! म्हणजे 'ही फाईल काय आहे?' एवढंच विचारून भागत नाही. 'मला हवी होती तीच आहे का? नसेल तर नको' असं विचारायला हवं. ओळखपत्र अस्सल आहे म्हणून वॉचमन कुणालाही लेडीज हॉस्टेलमध्ये सोडत नाही ना?

आणि पाचवी, ताजी गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये मेटाने विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमधला एक दोष जाहीर केला. आवृत्ती २.२४५०.६ च्या आधीचं ॲप आलेली फाईल दाखवताना पाठवणाऱ्याने सांगितलेला माइम टाइप बघायचं, पण उघडताना नावाचं शेपूट बघायचं. दोन खिडक्या, दोन कारकून, आणि एकमेकांशी बोलणं नाही. एकाने 'फोटो' म्हणून शिक्का मारला, दुसऱ्याने प्रोग्रॅम म्हणून चालवला. तपासणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने एकाच गोष्टीकडे बघितलं पाहिजे, नाहीतर तपासणीला अर्थ उरत नाही.

प्रोजेक्टवाल्यांसाठी

फायनल इयरच्या निम्म्या प्रोजेक्ट्समध्ये 'अपलोड' नावाचं बटण असतं. व्हायवात त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते. ब्राउझर पाठवतो तो माइम टाइप तपासून समाधान मानू नका. तो बहुतेक वेळा शेपटावरूनच ठरवलेला असतो आणि हवा तो लिहून पाठवता येतो. 'काय नको' याची यादी करत बसू नका, ती कधीच पूर्ण होत नाही. 'काय हवं' याची छोटी यादी करा. शेपूट आणि आतली खूण दोन्ही त्या यादीत हवीत आणि एकमेकांशी जुळायला हवीत. पीएचपीत त्यासाठी 'फाइलइन्फो' आहेच. चित्र असेल तर ते पूर्ण वाचून पुन्हा नव्याने सेव्ह करा, म्हणजे मागे चिकटवलेला माल बहुधा गळून पडतो. फाईलला स्वतःचं नाव द्या, वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा, आकाराला मर्यादा घाला. परत देताना प्रकार स्पष्ट सांगा आणि सोबत 'नोस्निफ' ही सूचना पाठवा. ब्राउझरने स्वतःचं डोकं चालवून प्रकार ठरवू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने ती २००८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोअरर ८ सोबत आणली.

"एवढं कशाला? अँटिव्हायरस आहे की!" हे वाक्य हॉस्टेलमध्ये रोज ऐकू येतं. अँटिव्हायरस हवाच. पण माझ्या रूममेटच्या फोटोत व्हायरस नव्हता. कुठल्याही अँटिव्हायरसने त्याला 'ठीक' असंच म्हटलं असतं. "आता एआय ओळखेल" असंही काही जण म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने मॅजिका हे मशीन लर्निंगवर चालणारं अवजार सगळ्यांसाठी खुलं केलं. ज्या टेक्स्ट फायलींना शीत नसतं तिथे ते चांगलं काम करतं. वापरून बघा. पण तेही शेवटी शिकलेला अंदाजच सांगतं.

आणि हो, शेपूट खोटं असू शकतं याचा अर्थ ते वाचूच नये असा नाही. २०२४ च्या लग्नसराईत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फायली फिरत होत्या आणि पोलिसांनी त्याबद्दल इशारे दिले होते. तिथे शेपूट खरंच बोलत होतं! पत्रिका कधी एपीके नसते, एवढं ठाऊक असतं तर पुरे होतं. माझा नियम असा: शेपूट वाईट म्हणत असेल तर लगेच मान्य करा, चांगलं म्हणत असेल तर पुरावा मागा.

शेवटी काही मागण्या, कारण नुसत्या उपदेशाने आपल्याकडे काही होत नाही. एक, लॅबच्या सगळ्या विंडोज मशिन्सवर शेपटं दिसतील असं सेटिंग कायमचं करून ठेवावं. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग फाईल नेम एक्स्टेन्शन्स, एवढंच काम आहे. दोन, प्रत्येक लॅबमध्ये एक मशीन अनोळखी पेन ड्राइव्ह बघण्यासाठी राखून ठेवावं, नेटवर्कपासून तोडलेलं, लिनक्सवालं. तीन, पहिल्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकल्समध्ये एक तास हेक्समध्ये फाईल बघण्याचा असावा. चार, कॉलेजच्या कुठल्याही ऑनलाइन फॉर्मने फाईल नाकारताना कारण स्पष्ट सांगावं, आणि स्वीकारताना आत बघूनच स्वीकारावं. विद्यार्थ्याला मिळणारी हिरवी खूण ही फळ्यावरची खूण असू नये.

यातली पहिली मागणी तर कुणाच्या परवानगीचीही वाट बघत नाही. आज रात्री स्वतःच्या मशीनवर ते सेटिंग बदला, आणि डेस्कटॉपवरच्या दहा फायलींची शितं काढून बघा. त्यातली एक तरी नावाप्रमाणे निघाली नाही, तर मला रूमवर येऊन सांगा. चहा माझ्याकडून!